चालतंय, पण लिहिलंय का?

आमच्या वेल्ह्यात परतीचा पाऊस येताना आधी लाईट जाते, मग पाऊस पडतो. तोरण्यावर ढग उतरले आणि दोनदा कडाडलं, की बायका बाकीची कामं बाजूला ठेवून मिक्सरमधलं वाटण आधी उरकून घेतात. इतकी सवय झाली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात अशीच गेलेली लाईट दीड दिवस आली नाही. त्याचंही काही विशेष नाही. विशेष हे, की लाईट आली तरी आमच्या खोलीतलं नेट काही आलं नाही.

खोली म्हणजे आमच्या बचत गटांच्या संघाची. वर पत्रा, आत चार संगणक, एक प्रिंटर, कोपऱ्यात गटांच्या वह्यांचं कपाट. पुण्यातल्या एका कंपनीने आपलं ऑफिस हलवताना जुने संगणक आम्हाला दिले, त्याबरोबर एक काळपट निळा, पाटासारखा चपटा डबा दिला. त्याला पुढून चोवीस भोकं. त्याला स्विच म्हणतात, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी ज्याच्यात येऊन मिळतात तो. (आम्ही आधी तो घराच्या लाईटच्या बटणांसारखाच काहीतरी प्रकार समजलो होतो.) नेटवाल्याचा छोटा राऊटर वेगळा, तो बाहेरचं नेट आत आणतो. आणि हा स्विच ते नेट कोणाला, किती, कुठल्या वाटेने द्यायचं ते ठरवतो.

ओळखीतल्या एका मुलाने एका रविवारी येऊन तो जोडून दिला होता. पोरगं हुशार. हिशोबाचे संगणक एकीकडे, मुलांच्या अभ्यासाचे दुसरीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाईलसाठीचं वायफाय तिसरीकडे, असं त्याने त्या एकाच डब्यात वेगवेगळं करून दिलं. आपला मिसळणाचा डबा असतो ना, तसं. डबा एकच, पण हळद मोहरीत जायला नको. नऊ महिने सगळं छान चाललं. लाईट जायची, पण इन्व्हर्टर असल्याने तो डबा कधी बंद पडला नाही. या खेपेला इन्व्हर्टरची बॅटरीही संपली आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तो पूर्ण विझला.

आणि नेमके ते दिवस ई-केवायसीचे होते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला दीड हजार रुपये. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने ई-केवायसी सक्तीची केली आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. स्वतःचा आधार क्रमांक, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक, मोबाईलवर येणारा ओटीपी, असं सगळं एकत्र जुळायला हवं. वरच्या वाड्यांत रेंज नाही, म्हणून बायका आमच्या खोलीवर यायच्या. त्या दिवशी सकाळी वीस-बावीस जणी जीप करून आल्या होत्या. भात कापणीला आलेलं, एकेका दिवसाला किंमत. त्यातल्या तिघी-चौघींनी शेजारणीकडे लेकरं ठेवली होती. संगणक चालू, डब्यावरचे दिवे लुकलुकताहेत, आणि पडद्यावर एकच वाक्य: नेट नाही.

त्या मुलाला फोन लावला. तो नोकरीला लागून परराज्यात गेला होता. बिचारा म्हणाला, "काकू, बंद करून परत चालू करा." चार वेळा केलं. पाचव्यांदा आमच्या आत्याबाईंनी उदबत्ती लावू का विचारलं. दुपारी दोन वाजता बायका परत गेल्या. जीपचे पैसे गेले, कापणीचा दिवस गेला. "ताई, तुमचं मशीन सुधारलं की निरोप द्या," असं एकजण अगदी साधेपणाने म्हणाली, ते मला रात्रभर टोचत राहिलं.

आज हसू येतं. नेटवाल्याच्या राऊटरमधून निघणारी वायर सरळ एका संगणकाला जोडली असती, तर त्या दिवशीचं काम बहुतेक भागलं असतं. पण काय कशाला जोडलंय हे माहीत असेल तर सुचेल ना!

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच एका गटाच्या अध्यक्षबाईंची लेक घरी आली. पुण्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने पिशवीतून एक फिकट निळी, चपटी वायर काढली. तिचं एक टोक त्या डब्याच्या एका वेगळ्याच भोकात, दुसरं तिच्या लॅपटॉपला. पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं. ना चित्र, ना बटण. माझ्यासारख्या मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला तो काळा पडदा बघूनच पोटात गोळा आला. ती मात्र म्हणाली, "मावशी, घाबरू नका, हे नुसतं वाचायचं आहे. वाचून काही बिघडत नाही."

त्या एका वाक्याने मला खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. वाचायचंच असेल तर आपल्याला येतं की.

तिने टाईप केलं, 'शो रनिंग-कॉन्फिग'. म्हणजे, आत्ता या घडीला तू कसा चालला आहेस ते दाखव. मग टाईप केलं, 'शो स्टार्टअप-कॉन्फिग'. म्हणजे, तू बंद पडून परत उठलास तर कसा चालशील ते दाखव. मला वाटलं होतं, डब्याच्या आत नुसत्या तारा असतील. आत चक्क एक फाईल होती, ओळीखाली ओळ लिहिलेली. एक नव्हे, दोन. कॉन्फिग म्हणजे कॉन्फिगरेशन, आपल्या भाषेत त्या यंत्राची घडी, कुठलं भोक कोणासाठी, कोणाला वाट द्यायची, कोणाला नाही, कुलूप कुठलं, सगळं त्यात.

या दोन फायलींतला फरक तिने मला सांगितला, पण कळला तो आमच्या ठरावाच्या वहीमुळे. समजा मासिक बैठकीत ठरलं की बचत शंभराऐवजी दोनशे करायची. सगळ्या हो म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून दोनशे गोळाही व्हायला लागले. पण सचिवबाईंनी ते वहीत लिहिलं नाही. तर काय होतं? काही होत नाही. सहा महिने सुरळीत चालतं. मग एक दिवस सचिव बाळंतपणाला माहेरी जाते, नवी सचिव येते, बँकेचे साहेब वही मागतात, आणि वहीत काय? शंभर. झालं, भांडण.

रनिंग म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं. ते यंत्राच्या ज्या स्मृतीत असतं ती वीज गेली की कोरी होते. स्टार्टअप म्हणजे वहीत लिहिलेलं, ते वीज गेली तरी राहतं. यंत्र परत उठतं तेव्हा ते वही उघडून वाचतं आणि तसं वागायला लागतं. पहिल्यातलं दुसऱ्यात उतरवायचं तर एक आज्ञा द्यावी लागते, 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. फाईलचं नाव विचारतं, नुसतं एंटर दाबायचं. बास. त्या मुलाने रविवारभर खपून सगळं केलं, ते ताबडतोब चाललंसुद्धा, पण ही एक ओळ राहिली.

कदाचित तो विसरला नसेलही. ती मुलगी म्हणाली, जाणती माणसं लगेच लिहीत नाहीत. आधी करून बघतात, नीट चालतंय ना याची खात्री करतात, मग लिहितात. चुकून असं काही बदललं की आपलीच वाट बंद झाली, तर यंत्र बंद करून चालू केलं की आधीचं, लिहिलेलं परत येतं आणि आपण वाचतो. लांबून काम करणारे तर आधीच सांगून ठेवतात, दहा मिनिटांनी तू आपोआप बंद होऊन उठ, आणि काम नीट झालं की ती सूचना रद्द करतात. म्हणजे न लिहिणं हीसुद्धा एक अक्कल आहे, पण घटकाभराची. त्याने संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून घाई केली असणार. आणि आम्ही? आम्ही चहा दिला, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. लिहिलंस का, हे वीस वर्षं ठरावाची वही सांभाळणाऱ्या बायकांपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही! यंत्राचं काम म्हटलं की आपण आपली रोजची शहाणीव बाहेर चपलांशेजारी काढून ठेवतो.

आणखी एक गंमत. यंत्राला रीतसर 'बंद होऊन उठ' अशी आज्ञा दिली, तर ते स्वतः विचारतं, बदल केलेले आहेत, लिहून ठेवू का? पण तुम्ही वायर उपसली किंवा महावितरणची लाईट गेली, तर विचारायला सवडच मिळत नाही. आमच्या तालुक्यात यंत्रं कशी बंद पडतात ते मी सांगायला नको.

आता खरी धक्क्याची गोष्ट. दोन्ही फायली वाचल्या तर दोन्ही सारख्याच, आणि दोन्हींत आमचं काहीच नाही! होतं ते त्या जुन्या कंपनीचं. कुठल्या भोकाला 'तिसरा मजला', कुठल्याला 'मीटिंग रूम', कोणाच्या टेबलाचं नाव, आतल्या पत्त्यांची सगळी मांडणी, पासवर्ड. डबा विझून उठला होता आणि लिहिलेलं वाचून तो आपला पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच काम करत होता. वेल्ह्यात आपण आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं.

पासवर्ड तसे उघड दिसत नव्हते, वेडीवाकडी अक्षरं होती. मला बरं वाटलं. मुलगी म्हणाली, "मावशी, याच्या आधी सातचा आकडा आहे ना? हे कुलूप नुसतं दिसायला आहे. हे उलगडायला मिनिटही लागत नाही." वरून कोणी खांद्यावरून वाकून बघितलं तर वाचता येऊ नये, एवढ्यापुरतंच ते. दुसऱ्या पक्क्या पद्धती आहेत, त्या मुद्दाम निवडाव्या लागतात. त्या कंपनीला वाटलं असेल, जुनं लोखंड दान केलं. प्रत्यक्षात त्यांनी घराचा नकाशा आणि चावी आम्हाला दिली होती. आम्ही साध्या बायका म्हणून ठीक.

हे त्यांच्याच बाबतीत घडलं असंही नाही. २०२३ मध्ये ईसेट नावाच्या संगणक सुरक्षेच्या कंपनीने बाजारातून अठरा जुने राऊटर विकत घेऊन उघडून पाहिले. निम्म्याहून अधिकांत आधीच्या मालकांची सगळी घडी जशीच्या तशी होती, पुसलेलीच नव्हती. आपण जुनं कपाट भंगारवाल्याला देताना आतून हात फिरवून बघतो, एखादी चिठ्ठी, एखादं बाळाचं वाळं राहिलं असेल म्हणून. तसा या डब्यांच्या आतूनही हात फिरवायला हवा. मोठ्या स्विचला त्यासाठी पुसण्याची आज्ञा आहे. घरच्या छोट्या राऊटरला मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, त्यातलं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की सगळं कोरं होतं. पण हेच बटण चालू राऊटरवर नातवाने खेळता खेळता दाबलं, तर वायफायचं नाव, पासवर्ड आणि नेटवाल्याने घातलेली माहितीही जाऊ शकते. म्हणून तो डबा पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, लोणच्याच्या बरणीसारखा.

पुढचा दीड दिवस आम्ही जे केलं ते खरं शिक्षण. त्या मुलाने नऊ महिन्यांपूर्वी काय मांडलं होतं याचा कागद कुठेच नव्हता. फोनवर त्याला जेवढं आठवलं तेवढं त्याने सांगितलं. बाकी आम्ही एकेक वायर हातात धरून भिंतीकडेने गेलो, ती कुठे जाते ते बघितलं, आणि ओळखू यावी म्हणून प्रत्येकीला लोकरीची गाठ बांधली. हिशोबाला लाल, मुलांना हिरवी, वायफायला पिवळी. स्वेटर विणून उरलेली लोकर कामी आली. प्रत्येक भोकाला फाईलमध्ये एक वर्णन लिहायची सोय आहे, तिथे मुलीने 'तिसरा मजला' काढून 'हिशोब लाल' लिहिलं. त्या काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत का होईना, आपला 'हिशोब' बघून मला जो आनंद झाला, तो सांगून कळणार नाही.

मध्येच मी विचारलं, या आज्ञा कोणी ठरवल्या? तर सिस्को नावाची अमेरिकन कंपनी. बाकीच्या कितीतरी कंपन्यांच्या डब्यांतल्या आज्ञा त्याच धाटणीच्या असतात म्हणे. ही कंपनी १९८४ मध्ये एका नवरा-बायकोने काढली. बायकोचं नाव सँडी लर्नर. मैत्रिणींनो, या बाईंची पहिली पदवी राज्यशास्त्राची, म्हणजे आपल्यासारखीच आर्ट्सची! संगणकाचं शिक्षण नंतरचं. १९९० मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि त्याच वर्षी त्यांना त्यांच्याच कंपनीतून बाहेर काढलं गेलं. पाठोपाठ नवऱ्यानेही कंपनी सोडली. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये लेखिका जेन ऑस्टिनच्या भावाचा जुना वाडा घेतला आणि २००३ मध्ये तिथे स्त्रियांनी पूर्वीच्या काळी लिहिलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय सुरू झालं. एका हाताने राऊटर, दुसऱ्या हाताने बायकांची पुस्तकं. मला ही बाई फार आवडली.

दुसरी बाई तर आमच्या डब्याच्या आतच बसलेली निघाली. वायर लावली की त्या भोकावरचा दिवा आधी पिवळा होतो, अर्धा मिनिट तसाच राहतो, मग हिरवा. मी अधीर होऊन वायर काढायला निघाले, तर मुलीने हात धरला. त्या अर्ध्या मिनिटात डबा तपासत असतो, की वायरी फिरून एकमेकींत तर गुंतल्या नाहीत ना. गुंतल्या असतील तर निरोप गोल गोल फिरत राहतो आणि सगळं ठप्प होतं. (गावात एखादी बातमी फिरून आपल्याच घरी येते, तसं.) ते ओळखून एक वाट बंद ठेवण्याची पद्धत रेडिया पर्लमन या बाईंनी शोधली, १९८५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यावर स्वतःच एक छोटी कविताही रचली. त्यांना कोणी इंटरनेटची आई म्हटलेलं आवडत नाही. बरोबरच आहे, बाईने काही केलं की लगेच तिला आई करायची घाई कशाला?

सगळं झाल्यावर मुलीने चार संगणकांवर माणसं बसवली, प्रिंटरवर एक पान काढलं, माझ्या मोबाईलवर वायफाय लावून बघितलं. मग मला म्हणाली, "आता तुम्ही लिहा." मी एका बोटाने ती ओळ टाईप केली. दोनदा अक्षर चुकलं. मग 'ओके' आलं.

एवढ्यावर भागत नाही. यंत्र जळालं तर? आमच्याकडे विजा कशा पडतात माहीत आहेच. वीज कडाडायला लागली की आम्ही टीव्हीची वायर काढतो, तशी याचीही काढतो, पण रात्री कोण उठणार. म्हणून त्या फाईलची एक नक्कल पेन ड्राईव्हमध्ये घेतली, तारीख घालून. नवा डबा आणला तर ती नक्कल बघून घडी बसवता येईल. आता ती नक्कल ठेवायची कुठे, यावर आमच्यात चांगलीच जुंपली. एका उत्साही मैत्रिणीने पडद्याचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायला घेतला होता, म्हणजे 'सगळ्यांकडे राहील'. अगं बाई! त्यात पासवर्ड आहेत. तिजोरीच्या चावीचा फोटो चावडीवर लावतेस का? शेवटी पेन ड्राईव्ह कपाटात, ठरावाच्या वहीबरोबर. कपाटाच्या किल्ल्या नेहमीप्रमाणे दोघींकडे.

हे सगळं मी एवढं लांबण लावून का सांगते आहे? कारण चूक फक्त आमच्यासारख्या पत्र्याच्या खोलीत होते असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. घटस्थापना तीन दिवसांवर होती. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप बंद पडलं आणि सगळ्यांना वाटलं आपलाच मोबाईल बिघडला. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, सगळंच जगभर सहा तासांच्या आसपास बंद होतं. कोणी हल्ला केला नव्हता. देखभालीचं काम चालू असताना दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या मोठ्या राऊटरांची आपसातली वाट तुटली, आणि अशी चुकीची आज्ञा अडवण्यासाठी जी तपासणी ठेवली होती, तिच्यातच दोष होता. वाट तुटल्यामुळे लांबून दुरुस्तही करता येईना, माणसं जागेवर पाठवावी लागली. एवढी मोठी कंपनी, आणि तिची गत आमच्यासारखीच! फरक एवढाच, की त्यांच्याकडे जागेवर पाठवायला माणसं होती आणि त्या माणसांना आत काय लिहिलंय ते वाचता येत होतं.

आमच्या तालुक्यात डबे आता कुठे नाहीत? शाळेत आहेत, पतसंस्थेत आहेत, दूध डेअरीत आहेत, दवाखान्यात आहेत. गावोगावी ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात, आणि २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. त्या सरकारी डब्यांना आपण हात लावायचा नाही, त्यांची देखभाल करणारे वेगळे. पण आपल्या पैशाने, आपल्या खोलीत, आपल्या कामासाठी बसवलेल्या डब्यात काय लिहिलंय हे आपल्यातल्या एकीलाही माहीत नसणं, हे मला आता परकं घर सांभाळल्यासारखं वाटतं. आपण गवंड्याकडून काम करून घेताना पाया किती खोदला ते उभं राहून बघतो. शिंप्याने कापड किती उरवलं ते विचारतो. मग नेटच्या मुलाला पैसे देताना, बाबा, लिहिलेली फाईल आणि तिची नक्कल दाखव, आमच्यासमोर एकदा बंद करून चालू कर, मगच पैसे, एवढं म्हणायला काय हरकत आहे? तो चिडणार नाही. चांगलं काम करणारा असेल तर उलट खूश होईल.

पासवर्ड मात्र फक्त त्याच्याकडे राहू देऊ नका. कारखान्यातून आलेला 'अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन' असला पासवर्ड तर मुळीच ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने असे साठ-एक ठरावीक पासवर्ड लावून बघत जगभरातले घरगुती राऊटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. घरी फायबरचं नेट असेल, तर राऊटरच्या खालच्या चिकटपट्टीवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा. तो मोबाईलच्या ब्राऊझरमध्ये टाकला की तुमच्या डब्याची घडी उघडते. घरच्या डब्यात ते दोन फायलींचं लचांड सहसा नसतं, 'सेव्ह' दाबलं की लिहिलं जातं. बऱ्याच डब्यांत 'बॅकअप' असंही असतं, त्याने नक्कल उतरते. पहिल्या दिवशी नुसतं बघा. वाचून काही बिघडत नाही, हे त्या मुलीचं वाक्य मी आता सगळीकडे सांगत फिरते.

जाता जाता आठवलं म्हणून. २०२५ मध्ये आमच्या तालुक्याचं नाव अधिकृतपणे राजगड झालं. नावाचा अभिमान आहेच, किल्ला आमचाच. पण नसरापूर फाट्यावर जीपवाला अजून 'वेल्हे, वेल्हे' असंच ओरडतो. ती मुलगी हसून म्हणाली, "मावशी, तालुक्याचं उलटं झालंय. वहीत नवं लिहिलंय, रनिंगला जुनंच आहे."

दिवाळी झाल्यावर संघाची बैठक झाली. ठराव लिहिला: खोलीतल्या स्विचमध्ये कोणताही बदल केल्यास तो त्याच दिवशी तपासून लिहून ठेवावा, नक्कल घ्यावी आणि वहीत तारखेसह नोंद करावी. सूचक आत्याबाई, अनुमोदक मी. सचिवबाईंनी वाचून दाखवला, सह्या झाल्या. आत्याबाई उठल्या त्या सरळ कोपऱ्यात गेल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी डब्याची वायर उपसली.

सगळ्या गप्प. खोलीतला पंख्यासारखा बारीक आवाज थांबला. आत्याबाईंनी मनात दहा मोजले आणि वायर परत लावली. दोन-तीन मिनिटं नुसती लुकलुक. मग भोकांवरचे दिवे पिवळे झाले. एकीने 'गेलं वाटतं' म्हणून कपाळाला हात लावला, तिला मी थांब म्हटलं, अर्धा मिनिट. लाल गाठीवरचा दिवा हिरवा झाला, मग हिरव्या गाठीवरचा, मग पिवळ्या. सचिवबाईंनी संगणकावर पान उघडून बघितलं. उघडलं.

"आता जीपवाल्याला फोन कर," आत्याबाई मला म्हणाल्या, "राहिलेल्या बायकांना उद्याच घेऊन ये म्हणावं."